मेलच्या पलीकडे कुणीतरी वाट बघतंय



आपल्या प्रत्येक कुटुंब ग्रुपात निदान दोन-तीन जण असे आहेत की ज्यांचा दिवस ऑफिसचा मेल उघडून सुरू होतो. कुणी बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात हिशेब बघतो, कुणी निपाणीत बँकेत आहे, कुणाची सून पुण्याच्या नाहीतर बेंगळूरच्या कंपनीचं काम घरी बसून करते. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "मेल साठलेत हो, एकदा बसून आवरायला पाहिजेत." आज या साठलेल्या मेलबद्दलच बोलूया. सत्संगाच्या पानावर हा कसला विषय, असं काहींना वाटेल. पण माणूस दिवसातले आठ-नऊ तास जिथं घालवतो तिथं साधना पोचत नसेल, तर ती देवघरापुरतीच राहिली म्हणायची.

घरातल्या ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. इनबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरमधली टपालाची पेटी. फरक एवढाच की दाराला लावलेली पेटी भरली की पत्र बाहेर डोकावतं, शेजारीसुद्धा हटकतो. ही पेटी भरली तर कुणाला दिसत नाही. नुसत्या फुकटच्या जीमेलमध्येही फोटो आणि फाइली धरून १५ जीबी जागा मिळते. त्यात हजारो पत्रं निवांत पडून राहतात.

*आवरायचं कुणासाठी?*

इनबॉक्स कसा आवरावा हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. सगळ्यांचा सूर एकच. तुमचा वेळ वाचेल, तुमची कामं भराभर होतील, तुमची प्रगती होईल. यात चुकीचं काही नाही. पण सगळीकडे 'तुम्ही' आणि 'तुमचं'. ज्यानं मेल पाठवला तो माणूस त्यात कुठंच नाही. आपण आज त्या माणसाच्या बाजूनं बघूया.

आपल्याकडे नेहमी घडणारी गोष्ट घ्या. उद्यमबागेत आठ-दहा कामगारांचं एक छोटं मशीन शॉप आहे. मालकानं फाउंड्रीतून आलेले कास्टिंग मशीनवर घेतले, माल वेळेत पोचवला, बिल मेलनं पाठवलं. तिकडे मोठ्या कंपनीत ज्याच्याकडे ते बिल गेलं, त्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले चार हजार मेल आहेत. बिल कुणी नाकारलं नाही. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी अडवणूक केली नाही. ते नुसतं खाली गेलं. वर नवीन मेल येत राहिले. इकडे मालक आठवड्याचा पगार कुठून द्यायचा या विचारात. बायकोच्या बांगड्या सोसायटीत ठेवाव्यात का, इथपर्यंत विषय जातो. दुसऱ्यांदा मेल करायचा तर भीती. साहेबांना राग आला आणि पुढची ऑर्डर गेली तर?

आता सांगा, यात पाप कुणी केलं? कुणीच नाही. तो हिशेबनीस चांगला माणूस आहे. कदाचित आपल्यातलाच कुणी असेल, गुरुवारी नेमानं आरतीला येणारा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी एका माणसाची आठवडाभर झोप गेली.

आजच्या लेखाचा प्रश्न हाच आहे. हेतू वाईट नसताना, केवळ लक्ष न दिल्यानं दुसऱ्याला त्रास झाला, तर तो आपल्या खात्यावर येतो की नाही?

आम्हाला वाटतं, येतो. 'मी काही केलं नाही' हे वाक्य आपण निर्दोष असल्याचा दाखला म्हणून वापरतो. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम अडकलं आहे, त्याच्या बाबतीत काही न करणं हेच कर्म असतं. नळ कुणी फोडला नाही, पण ज्याच्याकडे चावी होती तो सोडायला विसरला, तरी गल्ली तहानलेलीच राहते.

*कायद्यानंही हे ओळखलंय*

ही नुसती सत्संगातली भाषा आहे असं समजू नका. कायदे करणाऱ्यांनाही हे कळलं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही आला. असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो.

त्याच कायद्यात अजून एक बारीक गोष्ट आहे, ती फार बोलकी आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. म्हणजे गप्प बसणं हेही कायद्याच्या लेखी उत्तर आहे. आपण मेल उघडला नाही, तरी आपल्या वतीनं उत्तर दिलं गेलेलं असतं.

आपल्या कर्नाटकात 'सकाल' योजना सगळ्यांना माहीत आहे. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा २०११ मध्ये झाला आणि २०१२ पासून तो राबवायला लागले. दाखल्यासाठी अर्ज दिला की १५ आकडी नंबर मिळतो. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला मिळू शकतात, आणि ती रक्कम जबाबदार माणसाकडून वसूल होते. रक्कम मोठी नाही. पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. टेबलावर पडलेला कागद हा नुसता कागद नाही, त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस आहे, हे त्यात मान्य केलंय. मग सरकारी टेबलाला जो नियम, तो आपल्या इनबॉक्सला का नको?

*सहा आकड्यांची शिकवण*

पत्रांची वर्गवारी म्हटलं की एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, कवी. आपण रोज लिहितो तो पिनकोड ही त्यांची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. त्याआधी एकाच नावाची गावं, चुकलेले पत्ते आणि वेगवेगळ्या भाषांतली अक्षरं यांत पत्रं भटकायची.

याचं मोल आपल्या सीमाभागाला जास्त कळेल. इथं एकच पत्ता मराठीत, कन्नडात, इंग्रजीत असा तीन तऱ्हेनं लिहिला जातो. बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी लिहा, ५९०००१ म्हटलं की पत्र बरोबर वाटेला लागतं. निपाणीचा पिन ५९१२३७ आणि शेजारच्या कागलचा ४१६२१६. पहिला आकडा बघितला की एक पत्र पाचाच्या विभागात, दुसरं चाराच्या. पहिले तीन आकडे कुठल्या जिल्ह्याच्या छाननीला जायचं ते सांगतात, पुढचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. भाषेचा वाद नाही, अक्षराचा घोळ नाही.

टपाल छाननाऱ्या माणसाचं काम मनाशी आणून बघा. तो पत्र वाचत बसत नाही. हातात पत्र आलं की एकच प्रश्न, "हे पुढं कुठं जायचं?" आणि त्या खणात ठेवतो. 'हे नंतर बघू' म्हणून परत त्याच ढिगात टाकत नाही. साध्या टपालात साहेबाचं पत्र आणि निपाणीच्या विडी कामगार बाईला आलेलं लेकाचं पत्र त्याच्या खणात शेजारी शेजारी बसतात.

आपण इनबॉक्समध्ये नेमकं उलटं करतो. मेल उघडतो, अर्धा वाचतो, "बघू की उद्या" म्हणतो आणि तिथंच सोडतो. दुसऱ्या दिवशी तोच मेल परत उघडतो. एका पत्राला पाच वेळा हात लावला आणि ते इंचभर पुढं सरकलं नाही. थकवा मात्र पाच पत्रांचा.

*कुणाचं आधी?*

खण केले, आता पहिल्यांदा कुणाला उत्तर द्यायचं? खरी परीक्षा इथं आहे. बहुतेक ऑफिसांत रीत अशी की जो ओरडेल त्याचं आधी. ज्यानं विषयात 'अर्जंट' लिहिलं, ज्यानं तीन वेळा आठवण पाठवली, ज्याचं पद मोठं, त्याला लगेच उत्तर. जो संकोचानं एकदाच लिहून गप्प बसला, तो खाली खाली जातो.

आपण घरात असं करतो का? पंगतीत जो मोठ्यानं मागेल त्यालाच वाढत नाही. कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीच्या ताटाकडे वाढणाऱ्याची नजर पाहिजे. इनबॉक्सही एक पंगतच आहे. म्हणून मेल बघताना तीन प्रश्न विचारावेत असं आम्ही सुचवतो. एक, याच्या पलीकडे खरोखर माणूस आहे का? दोन, मी उत्तर देईपर्यंत त्याचं काय अडलंय? तीन, हे उत्तर माझ्याकडूनच जायचं आहे का?

पहिल्याच प्रश्नानं अर्धा ढीग कमी होतो. सेलच्या जाहिराती, ॲपच्या सूचना, कुठल्या कुठल्या कंपन्यांची पत्रकं, यांच्यामागे वाट बघणारं कुणी नाही. ती यंत्रानं पाठवलीत. ती बंद करताना मनाला काही लावून घ्यायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न क्रम लावतो. समजा खानापूरकडच्या एका मुलानं मुलाखत दिली आणि निकालासाठी मेल केला. त्याला घ्यायचं नाही हे ठरलंय. मग कळवायचं कशाला, असा विचार होतो. पण तो मुलगा त्या आशेवर दुसरं काम सोडतोय. त्याला दोन ओळींचं 'नाही' मिळालं तर तो मोकळा होतो. नकार देणं जिवावर येतं म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याला भिडस्तपणा म्हणतो. खरं तर ती भीड आपल्याला सोयीची असते, त्याला नाही. गोड शब्दांतला स्पष्ट नकार हीसुद्धा सेवाच आहे.

तिसरा प्रश्न सीसीच्या मेलसाठी. एक मेल सहा जणांना गेला की सहाही जण समजतात दुसरा कुणी उत्तर देईल. बारभाईचा कारभार तो! अशा वेळी एकानं "हे मी बघतो" अशी एक ओळ टाकली की बाकीचे पाच मोकळे होतात, आणि वाट बघणाऱ्याला कुणाकडे बघायचं ते कळतं.

*मग रात्रंदिवस मेलच बघायचे का?*

आता कुणी म्हणेल, प्रत्येक मेलमागे माणूस असेल तर जेवताना, आरतीला, पोराच्या अभ्यासाजवळ बसतानाही फोन हातात धरायचा का? रास्त प्रश्न आहे. कारण ऑफिसातल्या माणसासारखंच घरातही कुणीतरी वाट बघतंय. आई दोनदा काहीतरी सांगते आणि लेक मान न उचलता "हूं" म्हणतो. आईचाही तो न वाचलेला मेलच झाला.

याचं उत्तर लाल टपालपेटीवर होतं. पेटीवर पुढची डाक किती वाजता निघणार ते लिहिलेलं असायचं. पत्र टाकणाऱ्याला माहीत असायचं की पाचची डाक म्हणजे पाचला. पोस्टमन दर मिनिटाला पेटी उघडून बघत नव्हता, आणि वेळ झाल्यावर उघडायचं टाळतही नव्हता. भरवसा होता तो त्या ठरलेल्या वेळेवर.

आजच्या संशोधनातही तसंच दिसतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १२४ प्रौढांवर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच बघायचे, दुसऱ्या आठवड्यात हवे तेवढ्या वेळा. तीनदाच बघायच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी होता. अमेरिकेत २०१२ च्या एका अभ्यासात १३ कर्मचाऱ्यांचे मेल पाच दिवस पूर्ण बंद ठेवले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ताण उतरला, आणि माणसं एका कामावर जास्त वेळ टिकू लागली. जप करताना मन मण्यावर ठेवायची धडपड आपण सगळेच करतो. दर पाच मिनिटाला टिंग वाजणाऱ्या फोनजवळ ते मन कामावर तरी कसं बसेल?

म्हणून वेळ ठरवणं म्हणजे कुणाला टाळणं नव्हे. उलट ठरलेल्या वेळी पूर्ण लक्ष देता येतं. तातडीचं असेल त्यानं फोन करावा, हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं. रात्री मेल लिहायची वेळ आलीच, तर तो सकाळी जाईल असा लावून ठेवता येतो. आपली झोप मोडली म्हणून हाताखालच्या माणसाची कशाला मोडायची?

*करायचं काय, साध्या भाषेत*

१. दिवसातून तीन वेळा मेल. उदाहरणार्थ सकाळी कामाला बसल्यावर, जेवणानंतर, आणि निघायच्या आधी अर्धा तास.

२. आधी छाननी, मग उत्तरं. छाननी करताना लिहायला बसू नका. दोन मिनिटांत होणारं उत्तर तेवढं लगेच द्या. डेव्हिड ॲलन यांच्या २००१ च्या पुस्तकातला हा दोन मिनिटांचा नियम जगभर वापरला जातो.

३. खण चारच पुरेत. 'आज माझ्याकडून', 'दुसऱ्याकडून येणं', 'पैसे आणि बिलं', 'जपून ठेवायचं'. वीस फोल्डर केले की वीस ठिकाणी शोधावं लागतं. आणि फोल्डरमध्ये टाकलं म्हणजे काम झालं असं नव्हे, बरं का. बिलाच्या खणावर रोज नजर पाहिजे.

४. आपल्या भागासाठी खास सूचना. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं जुन्या-नव्या मेलमध्ये इंग्रजीत दोन स्पेलिंगं आहेत. एकानं शोधलं तर दुसरी सापडत नाहीत. दोन्हीनं शोधा, नाहीतर पिनकोडनं शोधा. वेलणकरांची युक्ती इथंही चालते.

५. उत्तर तयार नसेल तर तेवढंच कळवा. "आपलं पत्र मिळालं, शुक्रवारपर्यंत सांगतो." वाट बघणाऱ्याला तारीख मिळाली की अर्धी काळजी जाते. पण शुक्रवार पाळायचा.

६. रागात लिहिलेला मेल लगेच पाठवू नका. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. तोंडातून गेलेल्या शब्दाला तेवढेही मिळत नाहीत.

*शून्याचा अहंकार नको*

शेवटी एक सावधगिरी. मर्लिन मान नावाच्या अमेरिकन लेखकानं साधारण २००६-०७ च्या सुमाराला 'इनबॉक्स झीरो' हा शब्द रूढ केला. लोकांनी त्याचा अर्थ एकही मेल शिल्लक नको असा घेतला. त्याला म्हणायचं होतं वेगळंच, की आपलं मन इनबॉक्समध्ये अडकून राहू नये. आता काही जण रिकाम्या इनबॉक्सचा फोटो स्टेटसला लावतात. तो मोठेपणा मिरवायचा विषयच नाही. सकाळी अंगण झाडलं म्हणून उद्या पाचोळा पडायचा थांबत नाही. घरची बाई कधी म्हणते का, की झाडून काय उपयोग, परत पडणारच? ती झाडते, कारण अंगणात येणाऱ्याचा पाय स्वच्छ जागी पडावा. मेलचंही तेच. संपवायचे म्हणून नाही, पलीकडच्याला आपल्यामुळं ताटकळावं लागू नये म्हणून आवरायचे.

*या आठवड्याचा संकल्प*

येत्या गुरुवारपर्यंत प्रत्येक घरात एवढंच करूया. नोकरी-धंद्यातल्या मंडळींनी इनबॉक्सच्या तळाशी जायचं. महिन्याहून जास्त काळ उत्तराविना राहिलेला एक माणूस शोधायचा आणि त्याला आजच उत्तर द्यायचं. होकार असो, नकार असो, की उशिराबद्दल क्षमा मागून दिलेली तारीख. आणि ज्यांना मेलशी काही देणंघेणं नाही अशा आपल्या आजी-आजोबांनी एक करावं. ज्या नातेवाइकाचा फोन घ्यायचा राहिला, ज्याचा निरोप नुसता बघून सोडला, त्याला एक फोन लावावा. उत्तर ऐकल्यावर पलीकडून जो सुटकेचा श्वास येईल, तो प्रसादच समजावा.

सर्वांचं कल्याण होवो. 🙏